मद्रासवरून गेलेली वाट
(प्रस्तावना)

मनःशांती हवी म्हणून तुम्ही हे पुस्तक हातात घेतलं असेल, तर त्यात काहीच गैर नाही. बुद्धाकडे आलेली बहुतेक माणसं याच कारणाने आली. किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन आली, तर अजातशत्रू बापाच्या खुनाचं ओझं मनावर घेऊन पौर्णिमेच्या रात्री आला. धम्म म्हणजे काय याची चर्चा करायला यांतलं कुणी आलं नव्हतं. जिवाची तगमग सोसवेना, म्हणून ते आले. आजही इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात किंवा एखाद्या विहारात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याचं कारण याहून फार वेगळं नसतं. तेव्हा त्या तगमगीला कमी लेखून मला सुरुवात करायची नाही.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बौद्ध मार्गावरची शांती एकट्यापुरती मिळत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. शेजाऱ्याशी, नोकराशी, वैऱ्याशी आपण कसे वागतो हा प्रश्न बाजूला ठेवून डोळे मिटून बसलं, की फार तर थोडी विश्रांती मिळते. आणि नुसता अन्यायाचा हिशेब मांडत बसलं, मनाकडे पाहिलंच नाही, तर लढा चालू राहतो पण लढणारा आतून जळत राहतो. या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. त्यांतल्या काहींची गाठ मला मद्रासेत पडली, आणि तीही मी नोकरीनिमित्त राहतो त्या तांबरमच्या परिसरात.

चेन्नई बीचहून निघालेली लोकल दक्षिणेकडे येताना तांबरमच्या आधी एका स्टेशनावर थांबते. त्याचं नावच तांबरम सॅनेटोरियम. क्षयरोग्यांसाठी डॉ. चौरी मुत्तू यांनी 1928 साली इथे आरोग्यधाम काढलं. पुढे ते सरकारकडे गेलं आणि नाव स्टेशनाला चिकटलं. याच भागात राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. सिद्ध ही तमिळ मुलखातली जुनी वैद्यकपद्धती, आपल्याकडच्या आयुर्वेदासारखी. संस्थेच्या रुग्णालयात सकाळपासून रांग असते. लांबलांबच्या गावांहून आलेली माणसं केसपेपर घेऊन बसलेली असतात आणि चूर्णं, काढे, तेलं घेऊन परत जातात. या रुग्णालयाला नाव आहे अयोतीदास पंडितर यांचं. फाटकातून आत जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते वैद्य म्हणून ठाऊक आहेत. भारतात आधुनिक काळात बौद्ध धम्म पुन्हा उभा करणाऱ्यांच्या पहिल्या फळीतलं हे नाव आहे, हे मराठी वाचकाला सहसा माहीत नसतं.

अयोतीदास 1845 साली जन्मले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले. घरात वैद्यकी, तमिळ ग्रंथांचा व्यासंग, संस्कृत-पालीची ओळख. 1898 साली ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर लंकेला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेण या भिक्षूंच्या विद्यालयाचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर यांच्याकडून पंचशील घेऊन आले. परतल्यावर मद्रासच्या रायपेट्ट्यात त्यांनी शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. 1907 साली एक साप्ताहिक काढलं. किंमत एक पैसा, म्हणून नाव 'ओरु पैसा तमिळन'. वर्षभराने ते नुसतं 'तमिळन' झालं. कोलारच्या सोन्याच्या खाणींत राबणारे तमिळ मजूर हे अंक वाचत, एकमेकांना वाचून दाखवत, आणि तिथेही संघाच्या शाखा निघाल्या. अयोतीदासांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, ज्यांना आज अस्पृश्य म्हणतात ते मूळचे बौद्ध होते. धर्म सोडला नाही म्हणून त्यांना गावाबाहेर काढलं गेलं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली 'द अनटचेबल्स'मध्ये वेगळ्या मार्गाने याच्या जवळचाच सिद्धान्त मांडला. दोन्ही मांडण्यांवर इतिहासकारांचे आक्षेप आहेत आणि ते वाचायलाही हवेत. पण त्या वैद्याने काय ओळखलं होतं ते पाहा. रोज अपमान गिळणाऱ्या माणसाला नुसतं 'शांत राहा' असं सांगणं ही क्रूरता आहे. आधी त्याला ताठ मानेने उभं राहता आलं पाहिजे. बुद्धाचं चरित्र त्यांनी तमिळमध्ये सांगितलं ते या लोकांसाठी, त्यांना वाचता येईल अशा भाषेत आणि परवडेल अशा किमतीत. 1914 साली ते वारले.

तांबरम स्टेशनापासून जवळच मद्रास ख्रिश्चन कॉलेजचा विस्तीर्ण, झाडीने भरलेला परिसर आहे. कॉलेज इथे आलं 1937 साली. त्याआधी ते मद्रास शहरात होतं. शहरातल्या त्या जुन्या कॉलेजात पी. लक्ष्मी नरसू विज्ञान शिकवत. 1934 साली त्यांचं निधन झालं, म्हणजे तांबरमची ही इमारत त्यांनी पाहिली नाही. हा प्रयोगशाळेतला माणूस. चमत्कार, पुनर्जन्माच्या कथा, पोथीचं प्रामाण्य यांना त्याच्याकडे थारा नव्हता. जे तपासून पाहता येतं तेच घ्यायचं, ही सवय घेऊन ते बुद्धाकडे वळले आणि 1907 साली त्यांनी 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हा ग्रंथ लिहिला. अयोतीदासांच्या संघाच्या व्यासपीठावर ते बोलत, जातिभेदावर तुटून पडत. इतिहासाच्या मांडणीवरून दोघांचे मतभेदही होत. एकाला आपल्या लोकांचा हरवलेला इतिहास हवा होता, दुसऱ्याला बुद्धीला पटणारा धर्म. तरी दोघांनी एकाच छताखाली काम केलं.

नरसूंच्या या ग्रंथाचा मराठी माणसाशी थेट संबंध आहे. लोक बाबासाहेबांना वारंवार विचारत, बौद्ध धर्मावर एखादं चांगलं पुस्तक सांगा. बाबासाहेब नरसूंचं नाव सांगत. पुस्तक मिळेनासं झालं होतं, म्हणून 1948 साली मुंबईत त्याची तिसरी आवृत्ती निघाली आणि तिला बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहिली. नागपूरच्या दीक्षेआधी आठ वर्षं! दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा मद्रासेतून गेला आहे, असं मी म्हणतो ते या आधारावर.

दुसरा तुकडा गोव्यातून निघतो. साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी यांनी 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्यांना दुसरं काही सुचेना. 1899च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी पायपीट करत, बऱ्याचदा अर्धपोटी, ते 1902 साली कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात त्याच सुमंगल महास्थविरांचे शिष्य झाले. ज्यांच्याकडून चार वर्षांपूर्वी अयोतीदासांनी पंचशील घेतलं होतं, त्यांच्याकडेच एका गोमंतकीय ब्राह्मणाने पालीचे धडे घेतले. लंकेत प्रकृती ठीक राहीना म्हणून कोसंबी मद्रासला आले. तिथल्या बौद्ध आश्रमात राहिले, सिंगारवेलूंच्या आणि नरसूंच्या सहवासात आले, आणि तिथून ब्रह्मदेशाला गेले. हे सिंगारवेलू म्हणजे पुढे 1923 साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर भारतातला पहिला मे दिन साजरा करणारे कामगार पुढारी. त्या वेळी ते महाबोधी सभा या बौद्ध संस्थेचं काम पाहत होते. कोसंबींचं 'निवेदन' हे आत्मचरित्र घरात असेल तर हा भाग जरूर काढून वाचा. ध्यानाचा मार्ग शोधणारा भिक्षू, विज्ञानाचा प्राध्यापक आणि होऊ घातलेला कामगार पुढारी एका ठिकाणी जमतात, आणि त्यांपैकी कुणालाही त्यात काही विसंगत वाटत नाही.

आज आपल्याला ते विसंगत वाटतं, हीच माझी तक्रार आहे. महाराष्ट्रात बुद्धाचं नाव घेणारी दोन घरं झाली आहेत आणि त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही. एक घर शिबिरांचं. दहा दिवसांची सुट्टी काढून जायचं, ताण हलका करून यायचं, आणि विषय जातीकडे वळला की 'राजकारण नको' म्हणायचं. दुसरं घर वस्तीतल्या विहाराचं. वंदना आहे, जयंती आहे, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. पण ध्यानाचं नाव काढलं की ती उच्चभ्रूंची पळवाट ठरते. पहिल्या घराला मी विचारतो, जो माणूस तुमच्या घरी भांडी घासतो त्याच्यासाठी तुमच्या मैत्रीभावनेत जागा आहे का? दुसऱ्या घराला विचारतो, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अष्टांगिक मार्गातली सम्यक समाधी गाळली का? नाही गाळली. मनाला सतत कुशलाचा विचार करायची सवय लावणारी ती साधना, असा तिचा अर्थ त्यांनी स्पष्ट सांगितला. त्याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनी भिक्षूविषयी प्रश्न टाकला आहे: बुद्धाला परिपूर्ण माणूस घडवायचा होता, की समाजाचा सेवक? नुसता परिपूर्ण होऊन स्वतःत मग्न राहणारा भिक्षू त्यांना नको होता. हा प्रश्न शिबिरातून परत आलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा इतका तो नेमका आहे.

या फाळणीवरचं उत्तर मला सापडलं ते एका जुन्या पाली ग्रंथात, बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्गा'त. पाचव्या शतकात लंकेत लिहिलेला हा साधनेचा सर्वांत तपशीलवार ग्रंथ. बुद्धघोष स्वतः दक्षिणेत राहिले होते. अंगुत्तरनिकायावरच्या आपल्या अट्ठकथेच्या, म्हणजे भाष्याच्या, शेवटी त्यांनी आपल्या कांचीपुरातल्या वास्तव्याचा उल्लेख केला आहे. कांचीपुरम तांबरमहून दोनेक तासांच्या अंतरावर आहे. आणि या ग्रंथाची जी संपादित आवृत्ती हार्वर्ड विद्यापीठाने 1950 साली छापली, तिच्यासाठी अनेक वर्षं खपले ते आपले कोसंबीच. वॉरन या अमेरिकन पंडिताचं अपुरं राहिलेलं काम त्यांनी अमेरिकेच्या वाऱ्या करून पुरं केलं. त्याआधी 1940 साली त्यांची देवनागरी आवृत्ती मुंबईत निघाली होती. मराठी वाचकासाठी याच ग्रंथाच्या आधारे त्यांनी 'समाधिमार्ग' लिहिला, तो 1925 साली.

ग्रंथाची रचना शील, समाधी, प्रज्ञा अशी आहे आणि हा क्रम बदलत नाही. वागणं आधी येतं. मग माणसाचा स्वभाव पाहून साधना. आसक्तीने भरलेला, चटकन रागावणारा, गोंधळलेला, श्रद्धाळू, बुद्धिवान, सतत तर्क लढवणारा असे सहा स्वभाव बुद्धघोष सांगतात आणि प्रत्येकाला वेगळा विषय देतात. अशी चाळीस कर्मस्थानं, म्हणजे ध्यानाचे विषय, आहेत. सगळ्यांना एकच मात्रा नाही. कुणी मातीच्या गोल चकतीकडे पाहत बसावं, कुणी नाकपुडीशी लागणाऱ्या श्वासाकडे, तर चटकन रागावणाऱ्याने मैत्री करावी.

मैत्रीचा हा भाग सावकाश वाचण्यासारखा आहे. सुरुवात स्वतःपासून: मी सुखी असो. मग ज्याच्याबद्दल आदर आहे असा गुरुजन, मग जिवलग, मग ना आवडता ना नावडता असा कुणी, आणि शेवटी वैरी. वैऱ्यापाशी येऊन मन अडणारच, हे बुद्धघोषांना माहीत आहे. म्हणून ते एकामागून एक उपाय सांगतात. त्याचा एखादा तरी चांगला गुण आठव. तो सापडत नसेल तर त्याची कीव कर. तेही जमत नसेल तर तू नक्की कशावर रागावला आहेस ते शोध, त्याच्या केसांवर की नखांवर? तरीही नाही जमलं तर त्याला काहीतरी देऊन टाक. हा शेवटचा उपाय मला फार आवडतो. मनाशी झगडून हरलेल्या माणसाला ते हाताने काहीतरी करायला लावतात.

मग ते कसोटी सांगतात. समजा, तू, तुझा जिवलग, एक परका आणि तुझा वैरी असे चौघं बसला आहात. दरोडेखोर येऊन म्हणतात, तुमच्यातला एक जण आम्हाला द्या, त्याचा बळी द्यायचा आहे. साधकाने कुणाला द्यावं? वैऱ्याला द्यावं असं वाटलं, तर मैत्री अजून झाली नाही, हे कळायला पंडित लागत नाही. पण 'मलाच घेऊन जा, या तिघांना सोडा' असं वाटलं तरीही, बुद्धघोष म्हणतात, मैत्री झाली नाही. चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच मधल्या सीमा मोडल्या. स्वतःला कमी लेखणं हीदेखील एक सीमाच आहे.

ही गोष्ट वाचताना मला रायपेट्ट्यातला तो वैद्य आठवतो. ज्याला शतकानुशतकं 'तू देण्याजोगा आहेस, तुझा बळी गेला तरी चालेल' असं सांगितलं गेलं, त्याने बुद्धाकडून काय घेतलं? आपणही त्या चौघांपैकीच एक आहोत, बळी द्यायला काढून ठेवलेले नाही, एवढं. आणि ज्याला कधी कुणी बाजूला काढलं नाही, त्याने याच ओळींतून हे घ्यायचं की, आपल्या गावाच्या कडेला कुणाला तरी काढून ठेवलेलं आहे. कोसंबींनी ते घेतलं. बऱ्याच वर्षांनी, 1937 साली, त्यांनी परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला आणि तिथे राहून काम केलं. पालीचा जगन्मान्य पंडित ध्यान सोडून तिथे गेला नव्हता. मैत्री करायची तर गिरणगाव टाळता येत नाही, इतकं साधं कारण होतं.

विपश्यनेविषयी दोन शब्द, कारण बहुतेक वाचक तिच्याच दारातून आत येतील. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीने बेजार होते. 1955 साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ सरकारचे महालेखापाल आणि ध्यानाचे आचार्य. नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर इथे येऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मनाचा मळ धुतला जाईल आणि त्यात दुखणंही जाईल तर जाईल. 1969 साली गोयंका भारतात आले, जुलैमध्ये मुंबईत पहिलं शिबिर झालं, आणि 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी चालू आहे. तांबरमच्या वायव्येला तिरुमुडिवाक्कमला त्याच परंपरेचं धम्मसेतू केंद्र आहे. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, पहिले तीन दिवस केवळ श्वास, मग अंगभर संवेदना पाहणं. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर पुढचं शिबिर चालतं. पहिल्याच संध्याकाळी पंचशील घ्यावं लागतं. दहा दिवस ते आपोआप पाळलं जातं, कारण मोडायला वाव नसतो. अवघड आहे तो अकरावा दिवस. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. शिबिर हे औषधाच्या जागी घ्यायचं नाही, आणि केंद्राचा अर्ज भरताना काही लपवायचं नाही.

तमिळ मुलखातला जुना बौद्ध वारसा या पुस्तकात थोडक्यातच आला आहे. 'मणिमेकलै' या महाकाव्याची नायिका नर्तकीच्या घरात जन्मून भिक्षुणी होते. ह्युएन त्संग सातव्या शतकात कांचीला आला तेव्हा तिथे शंभरावर विहार होते. राजराज चोळ स्वतः शैव. पण त्याने नागपट्टिणमच्या चूडामणी विहाराला गाव लावून दिलं, आणि त्याचा ताम्रपट आजही आहे. मग ओहोटी लागली. सेलममध्ये तर बुद्धाची मूर्ती मुनियप्पन या ग्रामदेवाच्या नावाने पुजली जात होती. ती बुद्धाचीच आहे हा पुरातत्त्व खात्याचा अहवाल मद्रास उच्च न्यायालयाने 2022 साली मान्य केला. या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ हवा. तो कुणी तमिळ जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाने लिहावा, अशी मनापासून इच्छा आहे.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचली पाहिजेत असं नाही. जो अस्वस्थ आहे त्याने मैत्रीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ज्याला शंका फार आहेत त्याने नरसूंच्या. पुनर्जन्म, कर्म आणि निर्वाण यांबद्दल परंपरेत काय म्हटलं आहे आणि नरसू-आंबेडकरांनी काय नाकारलं, ते दोन्ही मी दिलं आहे. माझा कल नाकारण्याकडे आहे, तो लपवलेला नाही. ध्यानाची कृती सांगताना मी कोसंबींच्या मागोमाग गेलो आहे; त्यांच्याइतकी सरळ मराठी या विषयावर त्यांच्यानंतर कुणी लिहिलेली मला दिसली नाही.

वाचकाला एकच विनंती. या पुस्तकातली पहिली साधना सुरू करण्याआधी पंचशीलातलं एखादं शील निवडा, आणि ते घरात, कचेरीत, बाजारात आठवडाभर पाळून पाहा. मग बसा. आणि कधी चेन्नईला आलात तर एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात नागपट्टिणमच्या ब्राँझ बुद्धमूर्ती पाहायला नक्की जा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.